गर्भवतीला आसन शिकवण्याआधी तिच्या डोक्यावरची मोळी उतरवा

२१ जून जवळ आला की गर्भवतींच्या योगाची पत्रके वस्तीपर्यंत येऊन पोहोचतात. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये योग दिन जाहीर केला, २०१५ पासून तो आपल्याकडे सरकारी थाटात साजरा होतो, आणि आता त्याला गरोदर बायांचे खास सत्र जोडले जाते. पत्रकावर एक गोरी, सडपातळ, रेशमी कुर्ता घातलेली बाई डोळे मिटून बसलेली असते. तिच्या मागे स्वच्छ भिंत, कुंडीतले झाड, अंगाखाली महागडी चटई. असे एक पत्रक आमच्या हाती पडले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या, सातवा महिना लागलेल्या आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी एवढेच विचारले, "सकाळी सातला? मग कामावर कोण जाणार?"

त्या पत्रकाच्या संपूर्ण राजकारणाला हा एकच प्रश्न पुरतो. पण आम्ही तेवढ्यावर थांबणार नाही, कारण यावर बोलायला गेले की लगेच शिक्का बसतो की आंबेडकरवाद्यांना सगळ्याच भारतीय गोष्टींचा राग आहे. म्हणून आधी स्वच्छ सांगतो. गरोदरपणात शरीराची हालचाल करण्याला आमचा विरोध नाही. ज्या गरोदरपणात गुंतागुंत नाही, त्यात आठवड्याला सुमारे १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात. चालणे, हातपाय ताणणे, कंबर मोकळी करणे, संथ श्वास घेणे याने पाठदुखी कमी होते, झोप बरी लागते. ज्यांना हे योगवर्गात करायचे त्यांनी जरूर करावे. फक्त डॉक्टरांना विचारून करावे. पोटावर दाब आणणारी, उलटे व्हायला लावणारी आसने, श्वास कोंडून धरायला लावणारे प्राणायाम, तापलेल्या खोलीतला योग यांच्या नादी लागू नये. दिवस भरत जातात तसे बराच वेळ उताणे पडणेही टाळावे, कारण गर्भाशयाचे वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येते आणि चक्कर येते. रक्त गेले, पाणी गेले, डोके सणसणून दुखू लागले, बाळाची हालचाल कमी वाटली, तर गुरुजींना विचारत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

व्यायाम म्हणून योगाची बाजू इथे संपते. इथून पुढे जे आहे ते व्यायाम नाही.

हा सल्ला मुळात कोणत्या शरीरासाठी तयार झाला ते पाहा. जी बाई दिवसभर खुर्चीवर बसते, गाडीने फिरते, जिच्या घरी कामाला दुसरी बाई येते, तिला डॉक्टर सांगतात की हालचाल करा. बरोबरच आहे. पण आपल्या आयाबहिणींची अडचण हालचाल कमी पडण्याची आहे का? मलासन म्हणजे उकिडवे बसणे. प्रसूतीला मदत होते म्हणून ते गर्भवतींना शिकवले जाते. झाडू मारणारी, भाताची आवणी करणारी, विटा थापणारी, भांडी घासणारी बाई आयुष्यभर त्याच आसनात आहे. तिला ते शिकवायला शिबिर कशाला?

ऊसतोडीचे उदाहरण घ्या. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. त्यांत दलित, भटके-विमुक्त आणि इतर बहुजन जातींचीच भरती. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराच्या नावाने मोजणारी ही भाषा आहे. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. बाई पहाटे उठते, कोपीत स्वयंपाक करते, फडात जाते, उसाच्या मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. एक दिवस चुकला की 'खाडा' लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड कापला जातो. पाळी आली तरी खाडा, दिवस गेले तरी खाडा. यातून काय उभे राहिले ते २०१९ मध्ये साऱ्या देशाने वाचले. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा बायांमागे एक.

ज्या व्यवस्थेत पोटाला चिमटा बसू नये म्हणून बाईला गर्भाशयच काढून टाकावे लागते, ती व्यवस्था तिला गर्भवती असताना मन प्रसन्न ठेवायला सांगते.

आता मन प्रसन्न ठेवण्याचा सरकारी इतिहास. २०१७ च्या जूनमध्ये आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या केंद्रीय योग व निसर्गोपचार संशोधन परिषदेची 'मदर अँड चाइल्ड केअर' ही पुस्तिका गाजली. तेव्हा मंत्री होते गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक. गर्भवतीने काम, क्रोध, आसक्ती, द्वेष यांपासून दूर राहावे, वाईट संगत टाळावी, मांसाहार टाळावा, खोलीत सुंदर चित्रे लावावीत, असा त्या पुस्तिकेचा उपदेश. टीका झाल्यावर मंत्रालयाने खुलासा केला की शरीरसंबंधावर बंदी घातलेली नाही, हे योग आणि निसर्गोपचाराच्या अनुभवातले ज्ञान आहे. माध्यमांनी दोन दिवस 'काम' या शब्दावर विनोद केले आणि विषय संपला. आमच्या मते त्या पुस्तिकेतला सर्वांत घातक शब्द दुसराच होता. तो होता मांसाहार.

का, ते आकड्यात पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात पुरेसे रक्त नाही. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आधीच रक्त कमी असलेली बाई हातची जाते. मांस, काळीज, मासे यांतले लोह शरीरात जितक्या सहज शोषले जाते तितके पालेभाजीतले जात नाही. ब-१२ जीवनसत्त्व तर नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने असतात, ते स्वस्त आहे, त्यात भेसळ करता येत नाही, आणि अंगणवाडी सेविकेला ते मोजून देता येते. रक्तक्षय झालेल्या देशातल्या गर्भवतींना सरकारी पुस्तिका सांगते की मांसाहार टाळा. हे अज्ञान आहे असे आम्हाला वाटत नाही. आपल्या ताटातले अन्न शास्त्र आणि इतरांच्या ताटातले विकार, ही ब्राह्मणी स्वयंपाकघराची हजारो वर्षांची समजूत मंत्रालयाच्या शिक्क्याने छापून आली, एवढेच.

आणि हे एका पुस्तिकेपुरते नाही. २०१५ मध्ये मध्य प्रदेशात अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी फेटाळला. त्याच वर्षी महाराष्ट्रात गोहत्येवरची जुनी बंदी बैल आणि वळूपर्यंत वाढवली गेली, आणि गरिबाच्या घरातले सर्वांत स्वस्त, सर्वांत लोहयुक्त मांस गुन्हा ठरले. २०२५ च्या जानेवारीत शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा निधी आपल्या राज्याने थांबवला. शाळेतल्या ज्या मुलीचे अंडे आज गेले तीच उद्याची गर्भवती आहे. तिचे हिमोग्लोबिन सातव्या महिन्यात अचानक घसरत नसते, ते शाळेच्या पंगतीपासून घसरत आलेले असते. मग त्याच मुलीला पुढे अनुलोम-विलोम शिकवायचा.

योगवर्गाच्या आडून गर्भसंस्कार कसा येतो तेही समजून घेतले पाहिजे, कारण आपल्यातली शिकलेली तरुण जोडपी इथेच फसतात. वर्गात पहिले पंधरा दिवस व्यायाम. मग श्लोक. मग 'तेजस्वी संतती'. मग आहाराचा सात्त्विक तक्ता. मग पुस्तक, तेल, तूप, काढा आणि पॅकेज. गर्भाधान, पुंसवन, सीमंतोन्नयन हे गृह्यसूत्रांतले जन्मापूर्वीचे तीन संस्कार. त्यातला पुंसवन म्हणजे मुलगाच व्हावा म्हणून करायचा विधी, चरकसंहितेतही तो सांगितलेला आहे. गर्भलिंग निवडीविरुद्ध १९९४ मध्ये कायदा करणाऱ्या देशात या परंपरेचे गोडवे गायले जातात आणि कुणाला विसंगती खटकत नाही. मे २०१७ मध्ये आरोग्य भारती या संघपरिवारातल्या संघटनेचा 'उत्तम संतती'चा प्रकल्प वृत्तपत्रांत आला. आईबाप सावळे आणि बुटके असले तरी मूल गोरे आणि उंच होईल, असा दावा होता. गोरे आणि उंच! म्हणजे सावळे असणे हा रोग, आणि संस्कार हे त्याचे औषध. मार्च २०२३ मध्ये राष्ट्र सेविका समितीशी संबंधित संवर्धिनी न्यासाने दिल्लीत जेएनयूमध्ये गर्भसंस्कारावर कार्यशाळा घेतली. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि योगशिक्षकांना एकत्र बसवले होते. पांढरा कोट, चटई आणि पोथी यांची ही युती आहे.

या साऱ्या विक्रीचा जाहिरातदार म्हणजे अभिमन्यू. आईच्या पोटात चक्रव्यूह भेदायला शिकला, बाहेर पडायचे मात्र शिकला नाही, कारण ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली. ही गोष्ट लहानपणापासून आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिचा अर्थ नीट लावून पाहा. कोवळ्या पोराला घेरून मारणारे महारथी बाजूला राहिले आणि दोष कुणावर आला? दमून झोपलेल्या गर्भवतीवर. गर्भसंस्काराची सगळी नीती या एका कथेत आहे. मूल कमी वजनाचे झाले तर तू नीट खाल्ले नाहीस, चिडचिड केलीस, वाईट पाहिलेस, आसने चुकवलीस. मुकादम सुटला, रेशन दुकानदार सुटला, रिक्त पदे असलेले आरोग्य केंद्र सुटले, सरकार सुटले.

आणखी एक गंमत बघा. हे संस्कार आपल्याला कधी होतेच नव्हते. मनुस्मृतीने स्त्रियांचे संस्कार मंत्राविना करायला सांगितले, शूद्राला उपनयन नाकारले, अस्पृश्याची तर गणतीच नव्हती. मात्र बाळंतपणातले रक्त, वार, नाळ हे सगळे 'विटाळाचे' काम आपल्याच बायांच्या हाती दिले. महाराष्ट्रात मांग समाजातल्या स्त्रिया सुईणपण करत, उत्तर भारतात चर्मकार स्त्रिया दाईचे काम करत. वरच्या जातींची मुले ज्या हातांनी जगात आणली, त्या हातांना पुन्हा त्या घरात शिवायला बंदी. आणि या बायांची स्वतःची बाळंतपणे? १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेतली ही मांग मुलगी, वय जेमतेम चौदा. आपल्या जातीच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हे तिने लिहिले. गर्भवतीच्या प्रश्नावर मराठीत लिहिलेला हा आपला पहिला दस्तऐवज आहे असे आम्ही मानतो. त्या मुलीने गर्भवतीच्या मनाची शुद्धी मागितली नाही, छप्पर मागितले.

तोच धागा बाबासाहेबांनी कायदेमंडळात नेला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांची मांडणी साधी होती. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. लोककल्याण ही सरकारची जबाबदारी असल्याने या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारनेच उचलला पाहिजे. पण स्त्रियांना कामावर ठेवून मालकाचा अधिक फायदा होतो, म्हणून त्यालाही हात झटकता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभ कायदा झाला. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आला, बाबासाहेबांच्या वतीने तो रोहमांनी मांडला. किती मुले, कधी मुले, हे ठरवणे बाईच्या आरोग्याशी जोडलेले आहे, हे त्या काळात म्हणायला धाडस लागत होते. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ आणि १९४५ मध्ये खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात त्यांनी सुधारणा केल्या. या सगळ्यात एकदाही गर्भवतीच्या विचारांची तपासणी नाही. आहे ती रजा, रक्कम आणि जबाबदारी कुणाची याचा हिशेब.

आज त्या हिशेबाचे काय झाले? २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलेच झाले. पण ती मिळते दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेतल्या, कागदावर असलेल्या बाईला. धुणीभांडी, फड, वीटभट्टी, नाका, कचरा वेचणे, इथल्या बाईसाठी २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. सरकारने योजना आणली ती प्रधानमंत्री मातृवंदनेची, ५,००० रुपयांची, तीही पहिल्या अपत्यापुरती. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६,०००. उरलेली रक्कम जननी सुरक्षेतून भरून निघते, असा सरकारचा युक्तिवाद असतो. घटकाभर मान्य करू. पाच हजाराला नऊ महिन्यांच्या २७० दिवसांनी भागा. दिवसाला साडेअठरा रुपये. तेही हप्त्याने, आधार जुळले तर, बँक खाते चालू असले तर. एवढ्यात कोणती बाई मजुरी बुडवून घरी बसेल? योगाच्या चटईपेक्षा तिला पगारी सुट्टीची गरज जास्त आहे, पण चटई स्वस्त पडते. चटईवर फोटोही चांगला येतो.

२०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या अहवालाने २००४-०५ च्या आकडेवारीवरून दाखवले की भारतात दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि वरच्या जातींतल्या स्त्रीचे ५४.१. साडेचौदा वर्षांची ही तफावत कोणत्या आसनाने भरून निघते ते कुणीतरी सांगावे.

आमच्या काही मित्रांचा यावर आक्षेप असतो. ध्यान आणि श्वास तर श्रमण परंपरेचे आहेत, आनापानसती बुद्धाने शिकवली, मग ते ब्राह्मणांना का सोडायचे? सोडू नकाच. श्वासावर लक्ष ठेवायला पुरोहित लागत नाही, पावती फाडावी लागत नाही. पण मंत्राच्या जागी परित्राण पाठ ठेवला, देवाच्या फोटोच्या जागी बुद्धाचा ठेवला आणि 'बौद्ध गर्भसंस्कार' म्हणून तोच माल विकायला काढला, तर दुकान बदलत नाही, पाटी बदलते. पोटातल्या बाळाला संस्कारित करण्याची कल्पनाच अशी आहे की जन्माआधीच काही गर्भ श्रेष्ठ आणि काही हीन ठरतात. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या विचाराशी आपले भांडण आहे, तो निळ्या कपड्यात आला तरी आहेच.

चळवळीतल्या पुरुष कार्यकर्त्यांनाही एक विचारायचे आहे. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री दीडशे माणसांचे जेवण कोण रांधते? आठवा महिना लागलेली सून चुलीपुढे असते आणि बाहेर स्त्रीमुक्तीवर भाषण रंगते, हे चित्र आपल्या वस्त्यांत नवे नाही. पाण्याचा हंडा नवऱ्याने उचलला, गर्भवतीने शेवटी उरलेले खाण्याऐवजी सगळ्यांबरोबर पोटभर खाल्ले, दुपारी दोन तास तिला कुणी हाक मारली नाही, तर त्याला खर्च शून्य आहे. कोणत्याही शिबिरापेक्षा तिला त्याचा उपयोग जास्त.

त्यामुळे यंदा २१ जूनला सत्राच्या विरोधात घोषणा देत बसण्यापेक्षा तिथेच जावे, असे आमचे मत आहे. मंडपात आलेल्या प्रत्येक गर्भवतीचे मातृ-बाल संरक्षण कार्ड पाहा. हिमोग्लोबिन कधी तपासले, किती आले, लोहाच्या गोळ्या मिळाल्या का, मातृवंदनेचा अर्ज भरला का, पैसे कुठे अडकले, लिहून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. त्या दिवशी वस्तीतून बाया घेऊन जा, डॉक्टर हजर आहेत की नाहीत याची नोंद ठेवा, नसतील तर तिथेच लेखी तक्रार द्या. अंगणवाडीत ताजा शिजवलेला आहार आणि अंडी यांची मागणी ग्रामसभेच्या ठरावात आणा. ठराव तोंडी नको, इतिवृत्ताची प्रत हातात हवी. आणि बीड, जालना, परभणीकडच्या साथींनी दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधी मुकादम आणि कारखाना दोघांकडून लिहून घ्यावे: गर्भवतीच्या नावापुढे खाडा लागणार नाही, सहाव्या महिन्यानंतर ती मोळी उचलणार नाही, आणि तिच्या कोयत्याची मजुरी कापली जाणार नाही.